पाद्रीतात्या आणि चार सेकंदांची जोन

आयुष्यात लेखी तक्रार मी एकदाच केली, आणि तीही देवाच्या वतीने. देव माझा नव्हता, देऊळ माझं नव्हतं, आणि ज्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्या तक्रारीचा फटका बसला, ते माझे शेजारी होते. तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते. आज ब्याऐंशीव्या वर्षी वाटतं, एकोणसाठ हे भलतंच अडनिडं वय. अक्कल आली असा समज पक्का झालेला असतो, आणि ती अजून वाटेतच असते.

पाद्रीतात्या हे नाव मीच ठेवलेलं. नातीला सांभाळायला मी लंडनजवळ पिनरला मुलाकडे आले, तेव्हा हे कुंपणापलीकडे एकटे राहत. निवृत्त व्हिकर, म्हणजे चर्चचे पाद्री. सत्तरी उलटलेली, उंच, जरासे वाकलेले, स्वेटरच्या दोन्ही कोपरांना ठिगळं. माणसं विनोद सांगून हसतात, हे आधी हसायचे. कुंपणाला धरून गदगदा हलताहेत, डोळे पुसताहेत आणि मी ओले कपडे हातात घेऊन उभी. विनोद बहुतेक वेळा राहूनच जायचा. ‘परांजपे’ म्हणणं त्यांना जमेना, म्हणून मी मिसेस पी.

“देवाला विनोद कळतो, मिसेस पी. कमिटीला कळत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चाळीस वर्षं चर्चच्या कमिट्यांत बसून काढलेलं सार ते. आमच्या गणपतीला आले, तेव्हा हत्तीचं डोकं कसं काय ते मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, “म्हणजे वडिलांनी आधी जरा चौकशी करायला हवी होती.” मी मनात म्हटलं, काय आगाऊ आहे हा माणूस. मोदक मात्र त्यांनी चार खाल्ले.

त्यांच्या जागी आलेला नवा व्हिकर तरुण होता, उत्साही होता, आणि त्याला फॉर्मचं फार वेड. कॉफी मॉर्निंगला फॉर्म, जुन्या पुस्तकांच्या विक्रीला फॉर्म. तात्या म्हणायचे, “पूर्वी लोक प्रार्थना करायचे, आता फीडबॅक देतात.”

दर नोव्हेंबरात एका शनिवारी दुपारी तात्या चर्चच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचे. मला आमंत्रण आलं. मी काय समजावं? पाद्री दाखवणार, चर्चमध्ये दाखवणार, म्हणजे येशूचं चरित्र असणार. सून म्हणाली, “आई, नीट विचारून घ्या.” मी कशाला विचारतेय. ठेवणीतलं पातळ नेसले, शिऱ्याचा डबा घेतला, हॉलच्या दारात चपला काढल्या आणि पहिल्या रांगेत हात जोडून बसले.

सिनेमा जुना, काळा-पांढरा. एक साधाभोळा पाद्री एका खात्यापित्या गावात येतो आणि पुस्तकात लिहिलंय तसं खरंच वागायला लागतो. मग गावाची जी तारांबळ उडते, ती विचारू नका. बिशपांना घाम फुटतो, प्रतिष्ठित बायका येरझाऱ्या घालायला लागतात. इंग्रजी मला अर्धंच कळत होतं, पण टवाळी कुठल्याही भाषेत कळते. मागे चाळीस माणसं खो खो हसत होती. त्यातच एका ठिकाणी बिशप गाडीतून उतरतो आणि त्याचा पाय थेट चिखलात जातो. त्याच क्षणी अख्ख्या हॉलने पडद्याकडे हात हलवला आणि एका सुरात म्हटलं, “हॅलो, जोन!”

मी मागे वळून सगळ्यांना “शू!” केलं. चाळीस इंग्रज माणसं एकदम गप्प झाली. ते लोक बोलत नाहीतच, तिथेच माझ्यासारखीचं फावतं. बाहेर पडताना टेबलावर फॉर्म होते. मी ठळक अक्षरांत लिहिलं: देवाच्या घरात देवाची थट्टा. शेजारीण म्हणून मला फार दुःख झाले. खाली सही. घरी येऊन शिरा आम्हीच खाल्ला.

पुढच्या वर्षी चर्चच्या फळ्यावर सूचना लागली, की इतरधर्मीय शेजाऱ्यांच्या भावनांचा आदर राखून यंदा सिनेमा होणार नाही. मी सुनेला म्हटलं, “बघ, कोणीतरी विचारी माणूस आहे कमिटीत.” ती म्हणाली, “पण हे इतरधर्मीय शेजारी कोण?” मी म्हटलं, “असेल कोणीतरी हळवी बाई.”

त्याच आठवड्यात तात्या कुंपणाशी दिसले. हसत नव्हते. मी म्हटलं, “बरं झालं ना, बंद झालं ते.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण नजर माझ्या कानाशी थांबली. मग सावकाश सांगितलं. तो सिनेमा त्यांच्या बायकोच्या गावात चित्रित झाला होता. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. बिशप चिखलात पाय घालतो, त्याच्या मागून चार मुली सायकलवर जातात. त्यातली तिसरी वळून थेट कॅमेऱ्यात बघून हसते. चार सेकंद. ती जोन.

ती असताना हॉलमध्ये तिची थट्टा करायला म्हणून सगळे “हॅलो, जोन” म्हणायचे. ती गेली, तरी म्हणत राहिले.

ती हळवी बाई मीच, हे आता माझ्या ध्यानात आलं. तरी बचाव बघा माझा. म्हटलं, “घरी कॅसेट असेल ना तुमच्याकडे?”

“आहे. पण घरी फक्त मी तिला बघतो, मिसेस पी. हॉलमध्ये ती सगळ्यांना भेटते.” मग म्हणाले, “दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडत चाललाय. माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. कडेचं राहील म्हणतात डॉक्टर, मधलं वर्षभरात जाईल. एकदा पुन्हा सगळ्यांबरोबर बघायचं होतं.”

तो फॉर्म माझा होता, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “थंडी वाढली,” आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी नव्या व्हिकरला गाठलं. तक्रार करायला फॉर्म होता, मागे घ्यायला नव्हता. मी म्हटलं, माझी चूक झाली, सिनेमा लावा. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि अगदी मायेने विचारलं, “तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का?” विषय कमिटीपुढे गेला. कमिटीने मला बोलावून विचारलं, तुमच्या कम्युनिटीला काय वाटेल? मी म्हटलं, कम्युनिटी म्हणजे मी आणि माझी सून, आणि सून दिवसभर हॉस्पिटलात कामावर असते. त्यांनी तेही लिहून घेतलं. ख्रिसमस आला, मग ईस्टर, मग सुट्ट्या. माझं गुपित त्यांनी इमानाने पाळलं. तात्यांपाशी कोणी माझं नाव काढलं नाही. परवानगी मिळाली तेव्हा पुन्हा नोव्हेंबर उजाडला होता, आणि तात्या जिना चढताना भिंत चाचपत होते.

त्या शनिवारी हॉल गच्च भरला. तात्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. “काय चाललंय ते सांगत राहा.” मी सांगत राहिले, जमेल त्या इंग्रजीत. गाडी आली. बिशप उतरतोय. पाय चिखलात. आता सायकली, एक, दोन.

“हॅलो, जोन!” सगळा हॉल म्हणाला.

तात्यांनीही हात वर केला, थोडा उशिरा. त्यांचं तोंड पडद्याकडे नव्हतं. ते भिंतीकडे वळून बसले होते, डोळ्याच्या कडेने तिला पकडता येतं का बघत. दिसली का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

त्यानंतर ते तीन वर्षं होते. रोज सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवायची, ते माझे उच्चार सुधारायचे आणि आधी हसून घ्यायचे. आता त्यांच्या घरात दुसरी माणसं आहेत, चांगली आहेत. कुंपण काढून त्यांनी उंच फळ्या लावल्यात.

पण सिनेमानंतरची ती दुपार. हॉलमधून आम्ही चालत परत आलो. माझ्या कोपराला त्यांचा हात. त्यांच्या फाटकाशी मी थांबले आणि म्हटलं, “सिनेमा बंद पाडणारा तो फॉर्म मी भरला होता.” त्यांनी हात काढून घेतला नाही. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत म्हणाले,

“गेल्या वर्षी मला ती दिसली असती, मिसेस पी. क्षमा करणं हे जन्मभर माझं कामच होतं, तुम्हालाही करीन. पण आज नको. आज मला जरा रागावू द्या.”