इनासच्या बॉयलरची घंटा

ठाण्याच्या खाडीकाठी हरिहरशेठची भाताची गिरणी होती आणि तिचा बॉयलर सांभाळायचा इनास. सोळा वर्षं त्याने एकच काम केलं: बॉयलरच्या पुढ्यातल्या काचेच्या नळीत पाणी किती ते बघायचं आणि कोळसा टाकायचा. पाणी फार उतरलं तर बॉयलर फुटतो आणि गिरणीचं छप्पर कल्याणात सापडतं, एवढं शास्त्र त्याला पुरे होतं.

१८९४ साली शेठला विजेचं वेड लागलं. त्याने मुंबईहून घंटा आणली. बॉयलरच्या माथ्यातून पितळी दांडी आत सोडलेली. दांडी पाण्यात असेपर्यंत घंटा गप्प, पाणी खाली गेलं की ठणाणा. "आता तुझ्या डोळ्यांवर कोण विसंबतो?" शेठ म्हणाला. इनासला ते फार लागलं.

महिनाभराने घंटा वाजली. वाजली ती थेट पाद्रीबाबांच्या देवळात मिस्साच्या प्रार्थनेवेळी वेदीपाशी हलवतात तशी. त्या घंटेला गुडघे टेकायचे, मान खाली घालायची, डोळे मिटायचे, हे गिरणीतल्या किरिस्तावांना पाळण्यापासून ठाऊक. फावडी पडली. तांदूळ पाखडणाऱ्या फेलिशियाने सूप टाकलं. इनासही बसला. घंटा चालू असताना उठायचं नाही, आणि ही बया थांबेचना! एकट्याने उभं राहणं बरं दिसेना म्हणून दामाजी कोळीही हात जोडून बसला.

शेठ धावत आला. "घंटा वाजली म्हणजे पाणी कमी. झोपला होतास!"

"शेठ, काच बघा ना. पानी भरलंय."

"काच जुनी आहे. आत पाणी सोड! आणि पुन्हा अशी वाजली तर तू घरी."

इनासने सोडलं. बॉयलर गळ्यापर्यंत भरला, वाफेबरोबर पाणी इंजिनात शिरलं, इंजिनाला ठसका लागला, आणि घंटा वाजतच राहिली. अखेर शेठनेच तार उपटली.

इनासला बॉयलरवाचून दुसरं काही येत नव्हतं. रविवारी बॉयलर थंड झाल्यावर त्याने दांडी उपसली आणि घंटेसकट घरी नेली. बॉयलरला यायचं ते टाक्याचं पाणी मचूळ, खारवट. दांडीवर पांढरा, दगडासारखा थर चढला होता. त्याने एक तार पाण्याने भरलेल्या लोखंडी बादलीला जोडली, एक दांडीला, आणि दांडी पाण्यात धरली. तरी घंटा ठणाणली. चुलीपाशी त्याची बायको जोसेफिन हातातल्या बोंबलासकट गुडघ्यावर बसली.

"ऊठ गं, देव नाय तो!" म्हणत त्याने तिच्याच सुरीने दांडी खरवडली, पुन्हा बुडवली. घंटा गप्प.

"पान्यात उभी, पन अंगाला पानी लागत नव्हतं तिच्या," तो म्हणाला. त्याला इतका आनंद झाला की त्याने बोंबील जळल्याचंही काही म्हटलं नाही.

घासलेली दांडी परत बसली आणि शेठने नोकरी ठेवली. दांडी दर रविवारी घासायची ठरली.

पुढच्याच मंगळवारी भर दुपारी घंटा वाजली. सगळे बसले, त्यांचं बघून शेठसुद्धा. इनासचे गुडघे वाकले, टेकलेही. मग त्याला आठवलं: दांडी तर परवाच घासली! त्याने डोळे उघडले. काच रिकामी. पाणी चढवणाऱ्या पंपाच्या नळीत चिखलातली निवटी मासळी अडकली होती, पण ते नंतर कळलं. तो उठला आणि भट्टीतले निखारे फावड्याने भराभर बाहेर ओढले. पाय भाजले. चाळीस माणसं त्याच्याभोवती डोळे मिटून बसली होती आणि मरण टळल्याचं एकालाही कळलं नाही.

घंटेची तार शेवटी त्यानेच काढली. शेठने डोळे उघडले, विझलेली भट्टी पाहिली, रिकामी काच पाहिली, आणि गहिवरून म्हणाला, "बघा, प्रार्थनेने वाचलो! यापुढे घंटेला कोणी उठायचं नाही. इनास, तूसुद्धा."

इनास तेव्हापासून बसायचा. पण काचेकडे तोंड करून, डोळे सताड उघडे. देवळातही त्याचे मिटेनात. पाद्रीबाबांनी दोनदा दटावलं.

म्हातारा होऊन गेला तेव्हाही ते उघडेच होते. कुणीतरी मिटायला हात पुढे केला, तर जोसेफिनने तो धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "सगल्यांचे मिटलेले असतात. एकाचे तरी उघडे नकोत का?"