फ्लॉपीत मावेल एवढाच फोटो

पोट्टी पाच महिन्यांची झाली आणि मी तिला काखोटीला मारून अमरावतीहून पुण्याजवळच्या लवळ्याला आले. साल दोन हजार एक. डोंगरावरच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅबची असिस्टंट होते. बाळंतपणाची रजा संपली होती आणि माहेरी वहिनीच्या हातचं बसून खाणं माझ्या स्वभावात नव्हतं. नवरा अमेरिकेत. मी सातव्या महिन्यात असताना हे कंपनीच्या कामाला म्हणून सहा महिन्यांसाठी गेले. सहाचे नऊ झाले, मग प्रोजेक्टचं अडलं, मग आमच्या व्हिसाचं अडलं. कोथरूडची भाड्याची जागा सोडून मी कॉलेजच्या पायथ्याशी गावातच एक खोली घेतली. बापानं लेक अजून पाहिलेली नव्हती.

घरमालकीण मावशींचं घर शेरडं-मेंढरं राखणारं. मागे गोठा, पुढे माझी खोली, मधे त्यांची चूल. मी कॉलेजात गेले की पोरीला त्याच सांभाळायच्या. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "नवरा कुटं हाय तुजा?"

"अमेरिकेत."

"आन् तू हितं?"

"हो."

"येडीच हायेस," असं म्हणून त्यांनी पोर माझ्या हातातून काढून घेतली आणि आत गेल्या. रोज सकाळ-संध्याकाळ आमचं भांडण व्हायचं, आणि त्यांच्याशिवाय मला त्या गावात बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

तेवढ्यात ह्यांची मेल आली: फोटो पाठव. वाचायला दोन शब्द. आज फोटो पाठवायचा म्हणजे मोबाइलवर अंगठा टेकवायचा. तेव्हा तो आठवडाभराचा कार्यक्रम होता, बाप्पा! माझ्याकडे रोलचा कॅमेरा होता. तो मावशींच्या हातात दिला, इथं डोळा लावा, इथं दाबा, असं शिकवलं, आणि मी मोरपंखी साडी नेसून, केसांत अबोली माळून, पोरीला मांडीवर घेऊन दारात बसले. ह्यांना दिसावी म्हणून नटले होते, खोटं कशाला बोलू? मावशींनी पहिल्या काही फोटोंत माझं मुंडकंच उडवलं. एक मात्र झकास आला. रोल पौडच्या स्टुडिओत धुवायला टाकला, दोन दिवसांनी जाऊन आणला, आणि लॅब सुटल्यावर फोटो स्कॅनरवर ठेवला.

आता त्या स्कॅनरचं शहाणपण ऐका. तो फोटो फक्त बीएमपी फाईलमध्ये द्यायचा. बीएमपी म्हणजे चित्रातल्या एकेका ठिपक्याचा रंग जसाच्या तसा लिहून ठेवलेली फाईल. कुठं दाबणं नाही, कुठं घडी नाही. गादी न गुंडाळता उलगडलेली तशीच एसटीत चढवायची, असला प्रकार. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला चार-पाच फ्लॉप्या लागतील एवढी फाईल व्हायची. कॉलेजात इंटरनेट होतं, पण ते प्राचार्यांच्या खोलीत कुलपात. मला जायचं होतं पौडला, एसटी स्टँडसमोर औषधांच्या दुकानामागे कोणी दोन कॉम्प्युटर मांडून बसलं होतं तिथं. एका फ्लॉपीत मावेल तेवढंच न्यायचं, आणि ह्यांच्या फुकटच्या मेलबॉक्सातही जागा ती केवढीशी.

लॅबमध्ये चित्रावर काम करायला पेंट सोडून दुसरं काही नव्हतं. चित्र निम्म्यावर आणलं. तरी मावेना. अजून आणलं तर पोरीचं नाक कुठं आणि तोंड कुठं ते कळेना. म्हटलं, लहान होत नाही तर कापू. आधी दाराची चौकट कापली. मग मागून डोकावणारी शेळी. मग ओटा. मग उरलो आम्ही दोघी, आणि फाईल अजून थोडीशी जास्तच. ती कापायची तुटक रेघ मी माझ्या हनुवटीखाली आणून ठेवली आणि बराच वेळ तशीच बसले. बापाला लेक बघायची होती. मला तर त्यांनी पाहिलेलं होतं. कापलं. फाईल बसली. चित्रात पोट्टी, तिच्या पोटाशी धरलेले माझे दोन हात, आणि खाली वीतभर मोरपंखी साडी.

मला पक्कं वाटत होतं, हे विचारतील. अगं, तू कुठं आहेस? तुझा पाठव ना. एवढं साधं कोणीही विचारील. पुढच्या खेपेला पौडला जाऊन मेल उघडली तर उत्तर होतं: "डोळे माझ्यावर गेलेत. कान आईचे आहेत." आईचे म्हणजे ह्यांच्या आईचे, माझ्या सासूबाईंचे. मी ती मेल इतक्यांदा वरखाली करून पाहिली की कॅफेवाल्यानं येऊन विचारलं, "मॅडम, नेट हँग झालंय का?"

माझं डोकं सणकलं. तिथंच खुर्चीत बसून ठरवलं, मागितल्याशिवाय माझा फोटो पाठवायचा नाही. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "आगं, रडल्याबिगर आईबी पाजत न्हाई. सांग की त्याला तोंड उघडून." पण मला रडून काही घ्यायचं नव्हतं. मला ते आपण होऊन यायला हवं होतं.

दुसऱ्या फोटोच्या वेळी मावशींनी निराळंच काढलं. पोरीच्या गालाला काजळाची तीट लावल्याशिवाय त्या कॅमेऱ्याला हात लावीनात. "फोटू सात समिंदरापल्याड चाललाय. किती डोळं पडत्याल त्येच्यावर!" आणि तीट तरी केवढी, चांगली वाटाण्याएवढी. ह्या वेळीही मी स्वतःला हनुवटीखाली कापलंच, पण बाकीची कापाकापी कमी करायची म्हणून रंग कमी केले. पेंटमध्ये ती सोय होती: लाखो रंगांऐवजी दोनशे छप्पन्न रंगांत फाईल ठेवायची. फाईल एकदम तिसऱ्या हिश्श्यावर आली. मी खूश. पण रंग कमी केले की अंगाच्या कातडीचं मातेरं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पोरीच्या गालावर हिरवट-जांभळे पट्टे उठले आणि त्यांच्या मधोमध ती तीट पसरून काळीनिळी दिसायला लागली. मी रोज मुके घेऊन तो गाल ओला करणारी. मला त्यात तीटच दिसली. पाठवून दिला.

फोन मावशींच्या घरात होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच तो खणखणला.

"तिला काय लागलंय?" हे ओरडतच होते. "गाल सुजलाय की तिचा! पडली का? डॉक्टरला दाखवलंस का?"

"अहो, तीट आहे ती."

"तीट अशी असते होय? मला लपवू नकोस काही."

"तीट आहे, तीट! रंग कमी केलेत म्हणून तसं दिसतंय."

मावशी मागून, "काय म्हनतोय त्यो?" आणि त्यांचे मालक अंथरुणातून, "काय झालं?" मी सगळ्यांना समजावत बसले. ह्यांना पटायला वेळ लागला. शेवटी म्हणाले, "रंग कमी करत जाऊ नकोस. जे नको असेल ते काप, पण तिचा चेहरा मला नीट दिसला पाहिजे."

"बरं," मी म्हटलं.

फोन ठेवला. मावशींनी फोटो मागून घेतला, उजेडात धरला. "ह्यात तर तू हायेस की. मंग त्याला दिसली न्हाईस व्हय?"

"मी कापते मला, पाठवताना. मावत नाही."

"तू मावत न्हाईस? एवढीशी तर हायेस!" मग एकदम चिडल्या. "आईबिगर पोर दावत्यात व्हय कुनाला? वंगाळ दिसतं ते." मी म्हटलं, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. त्या म्हणाल्या, तुलाच कळत न्हाई. त्या दिवशी आम्ही बोललोच नाही.

दिवाळीनंतर शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आपल्या प्रोजेक्टसाठी लॅबमध्ये एक सॉफ्टवेअर घातलं. त्यात बीएमपीची जेपीजी करता यायची. डोळ्यांना फारसं कळत नाही असं बारीकसारीक ते चित्रातून गाळून टाकतं आणि फाईल दहाव्या हिश्श्याच्याही खाली येते. आता एका फ्लॉपीत मी, पोट्टी, शेळी, दार, मागचा डोंगर, सगळं आरामात बसत होतं. माझी सबबच संपली. तरी मी कापतच राहिले. कोणी म्हणेल, काऊन इतका हट्ट? हट्ट तर हट्ट. सबब होती तोवर मी माझीच समजूत घालत होते; आता मला बघायचंच होतं, हे कधी विचारतात ते.

लॅब सुटली की मुलं टेकडीवरच्या कँटीनकडे पळायची. मी पंखे बंद करायची आणि एकच मशीन चालू ठेवायची. स्कॅन होऊन अख्खा फोटो पडद्यावर यायचा, त्यात मी आणि पोरगी. हसत असायचो बहुतेक. मी थोडा वेळ बघत बसायची. तेवढा वेळ बरं वाटायचं. मग रेघ ओढायची, हनुवटीखाली. कधी खांद्यावर टेकलेली तिची मान असली तर खांदा ठेवावा लागायचा. हात तर नेहमीच राहायचे, कारण पोरीला धरलेलं असायचं. खंगलेल्या बाईसारखी नव्हते मी, धडधाकट होते, पगार घेत होते, लोकांशी भांडत होते. पण त्या वेळी मला फार एकटं वाटायचं.

पावसाळ्यात तर विचारू नका. मुळशीचा पाऊस म्हणजे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत आणि फ्लॉप्यांना बुरशी धरते. पौडला जाऊन फ्लॉपी घालावी तर ती कुरकुर करून बंद. भिजत घरी, पुन्हा दुसरी बनवा. रविवारी सकाळी फोन यायचा. मावशी, त्यांचे मालक, सून, सगळे तिथंच, आणि थंडीत एखादं करडूही आत बांधलेलं. एवढ्या मंडळींत नवऱ्याला काय विचारणार, माझी आठवण येते का म्हणून? जेवलात का, बर्फ पडतोय का, इकडे पाऊस आहे. संपलं. हे म्हणायचे, नवीन फोटो पाठव. मी म्हणायची, पाठवते.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर हे आले. पोरगी आधी रडली, मग चॉकलेटला भुलली, दुपारपर्यंत ह्यांच्या खांद्यावर बसली. माणूस वाईट नव्हता, आजही नाही. बॅग उघडून ह्यांनी एक जाड अल्बम काढला. मी पाठवलेला एकूण एक फोटो तिकडे छापून घेऊन क्रमानं चिकटवला होता. कॅफेत बसून मी पाठवलेलं एकही वाया गेलं नव्हतं. माझा राग अर्धा तिथंच उतरला. मी चहा टाकायला आत गेले आणि हे अल्बम घेऊन मावशींच्या ओट्यावर बसले.

मावशींचा आवाज आला, "समदी पोरच हाय ह्यात. आन् हिचा?"

हे हसले. "हिचा कुठून येणार, मावशी? फोटो तीच काढायची ना."

मी बाहेर आले. "मी कुठं काढायची? मावशी काढायच्या. मी समोर बसायची, हिला घेऊन."

"बसायचीस?"

मी अल्बमचं पहिलंच पान उघडलं आणि पोरीच्या पोटाशी असलेल्या हातांवर बोट ठेवलं. "मग हे कोणाचे?"

ह्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मावशींकडे. "मला वाटलं, ह्यांचे. दिवसभर त्यांच्याकडेच असते असं लिहायचीस ना तू."

मावशींनी आपला हात फोटोशेजारी अल्बमवर ठेवला. कोपरापर्यंत गोंदलेला, मनगटभर हिरव्या बांगड्या, बोटांना चिरा. "ह्यो माजा, जावाय," त्या म्हणाल्या. "त्यो तिचा."

ह्यांनी एक पान उलटलं, मग दुसरं. प्रत्येक पानावर तेच हात होते. "अगं, एवढे-एवढेसे तर फोटो," हे म्हणाले, "त्यात काय कळणार?"

ते खोटं नव्हतं. एवढेसे मीच केले होते. मी पावणेदोन वर्षं वाट बघत होते की हे विचारतील, तू कुठं आहेस. आणि ह्यांना त्या फोटोंत कोणी कमी आहे असं कधी वाटलंच नव्हतं. आत चहा उतू गेला, मावशी उठून उतरवायला गेल्या. मी ओट्यावर बसून राहिले. एवढी एकटी मी त्या सगळ्या दिवसांत एकदाही नव्हते, आणि हे माझ्या शेजारीच बसले होते.