खटक्याला बांधलेला दुपट्टा

आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, यंत्राच्या खटक्याला दुपट्टा बांधण्याची रीत जुन्या मालकाने दयेपोटी घालून दिली, असे मावला गावच्या चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगितले जाते. ते खोटे आहे. सांगणाऱ्यांपैकी एकानेही कधी रोलरमध्ये हात घातलेला नाही. मी आयुष्यभर घातला आणि माझी सगळी बोटे शाबूत आहेत. तेव्हा या बाबतीत माझे ऐकावे.

ओल्या कापसाने रोलर अडला की यंत्र बंद करायचे, आणि जो आत हात घालणार त्याने आपला दुपट्टा खटक्याला बांधायचा. ती गाठ त्यानेच सोडायची. मुकादम ओरडो, मालक स्वतः येवो, दुसऱ्याने तिला शिवायचे नाही. एका सोबत्याचा पंजा गेल्यावर आम्ही युनियन केली आणि ऐन हंगामात, जैनथच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या खोळंबल्या असताना, फाटकाशी बसून ही रीत मालकाकडून कबूल करून घेतली. याला दया म्हणत नाहीत.

युनियनने मजुरी फारशी वाढवली नाही, हे मी लपवीत नाही. परंतु एकट्या मजुराने यंत्र थांबवले तर तो कामचुकार ठरतो. सर्वांच्या वतीने थांबवले तर तो नियम होतो. युनियनचा लाभ एवढाच होता, आणि तो आमच्या बोटांएवढा मोठा होता.

ती युनियन कोणी मोडली नाही. आम्ही म्हातारे घरी बसलो आणि आमच्या जागी कोणी सभासद झाला नाही; दुपट्ट्याची रीतही मागे पडली. नवा मालक आला, ठेकेदार एकेका मजुराला फोन करून बोलावू लागला. माझ्या धाकट्या भावाचा मुलगाही असाच रोलरवर गेला. कामावर जाण्याआधी मी त्याला बजावले होते, की चौघांना धरून आधी एकजूट कर. तो हसला.

"मोठेबा, झेंडे घेऊन आता कोन बसते? तोंड उघडलं का ठेकेदार दुसरा मानूस आनते."

गेल्या हिवाळ्यात रोलर अडला, त्याने आत हात घातला, आणि ठेकेदाराच्या मुकादमाने खटका दाबून यंत्र चालू केले. उजव्या हाताची बोटे गेली. वस्तीत म्हणतात, पोरगा मोबाइलवर बोलत होता. साफ खोटे. शेजारी कापूस टाकणाऱ्या दोघांनी मला दवाखान्यात खरे सांगितले, मात्र चौकशीत साक्ष द्यायला दोघेही तयार झाले नाहीत.

कामगार खात्याचा साहेब चौकशीला आला तेव्हा सारे पुतण्याच्या एका शब्दावर होते. त्याने खरे सांगितले तर मुकादमावर ठपका येणार होता आणि त्याला भरपाई मिळणार होती. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. साहेबाने तेलुगूत, इथल्या सरकारी भाषेत, विचारले. पुतण्याने माझ्याकडे पाहिलेच नाही, मुकादमाकडे पाहिले.

"तप्पु नादे, सार." चूक माझीच.

परतताना मी त्याला भित्रा म्हणालो. तो शब्द मी अजूनही मागे घेत नाही. तो म्हणाला, "खरं बोललो असतो तर माह्यासंगं तुमी होते. अजून कोन होतं, सांगा."



साहेबाला दिलेल्या त्या उत्तराच्या बदल्यात ठेकेदाराने त्याला फाटकावर राखणीला बसवले. या हंगामात रोलरवरच्या मजुरांना दुपट्ट्याची रीत सांगावी म्हणून मी जिनिंगवर गेलो. पुतण्याने डाव्या हाताने फाटकाची कडी धरून ठेवली.

"आत नका जाऊ, मोठेबा. हे बी काम जाईन माह्यं."

तेवढ्यात आतला घरघराट थांबला. रोलर अडला होता. आता कोणी तरी हात घालणार होता. खटक्याला कोणी काही बांधले का, ते फाटकावरून दिसत नाही.