मामांचं जॅझ-वेड

माझ्या बायकोच्या मामांना अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण, याच्याशी काडीचं देणंघेणं नाही. त्यांच्या मते तो देश उभा केला तिथल्या कृष्णवर्णीय गायक-वादकांनी, बाकीच्यांनी नुसती तिकिटं विकली. मामा मूळचे नागपूरचे. डब्लिनच्या एका इस्पितळात भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त होऊन तिथल्याच ब्लँचर्डस्टाउन या उपनगरात असतात. जन्मभर दुसऱ्यांना भूल देऊन स्वतः मात्र जॅझच्या गुंगीत राहिलेला असा डॉक्टर दुसरा नसेल. पाहुणा आला की आधी तबकडी लागायची, मग पाणी मिळायचं. मधेच कुकरची शिटी झाली, तर मैफलीत शिंकणाऱ्याकडे बघावं तसं मामा कुकरकडे बघायचे. एकदा आम्हाला विमानतळावर सोडायला निघाले आणि गाडीत ट्रम्पेट रंगला म्हणून थेट उलट दिशेला, क्लोनडॉकिनला पोचले. विमान चुकलं. "जावईबापू, विमानं काय, रोज उडतात," मामा म्हणाले, "असा सोलो रोज वाजतो का हो?" मामी या सगळ्याला 'यांचा भोंगा' म्हणत आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेत.

मग मामांना कमी ऐकू येऊ लागलं. कानात यंत्र आलं, पण त्यातून ट्रम्पेट पत्रा वाजवल्यासारखा ऐकू येई. जेवढं ऐकू येतंय तेवढ्यात एकदा आपली माणसं बसवून त्यांना हे संगीत ऐकवायचंच, असा मामांनी हट्ट धरला. शेवटी डब्लिनच्या मराठी मंडळाच्या गणपतीत लावणी आणि मुलांचा नाच यांच्या मधे त्यांना थोडा वेळ मिळाला.

मामा फार छान बोलले. "ज्या हॉटेलात ही माणसं वाजवायची, तिथं त्यांना पुढच्या दारानं येऊ देत नसत. मागच्या दारानं यायची आणि पुढच्या दारानं आलेल्यांना नाचवायची! ज्या देशानं यांना बसायला खुर्ची दिली नाही, त्याला यांनी गाणं दिलं. आज तो देश जे आपलं म्हणून मिरवतो ना, ते यांचं आहे."

कानातलं यंत्र माइकजवळ कुईकुई करू लागलं, म्हणून मामांनी ते काढून खिशात टाकलं, तबकडी लावली आणि डोळे मिटले.

तबकडी फिरत होती, पण स्पीकरची वायर निसटली होती. आवाजच नव्हता. मामांना ते कळलं नाही. त्यांच्या डोक्यात गाणं सुरू झालं होतं. हातानं ठेका देत ते म्हणाले, "ऐका हं, आता ट्रम्पेट येतोय... आहाहा!" मागं पोरं खिदळली. "मम, इज युअर मॅन ओके?" एकीनं आईला विचारलं. 'युअर मॅन' म्हणजे डब्लिनच्या बोलीत 'तो माणूस'.

मी वायर जोडायला उठणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतून मामी उठल्या. पदर खोचला, माइक हातात घेतला आणि गाऊ लागल्या, "पा पा रा... पा रा रा रा..." ट्रम्पेटची जागा न जागा, कुठं थांबायचं, कुठं चढायचं, सगळं मामांच्या ठेक्यावर बरोबर पडत होतं. लोकांनी टाळ्यांचा ताल धरला. पायाखालची लाकडी फळी हादरली, तसे मामांनी डोळे उघडले. त्यांनी लोंबणारी वायर पाहिली, मग मामींचे हलणारे ओठ.

"तुला येतं हे?" त्यांनी विचारलं.

"त्या घरात दुसरं काय ऐकायला मिळालं मला?" मामी म्हणाल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

आता यंत्राचाही फारसा उपयोग होत नाही. गेल्या रविवारी मी गेलो, तर तबकडी लागली होती आणि दोघं सोफ्यावर शेजारी बसली होती. मामी मामांच्या मनगटावर बोटांनी वाजवत होत्या, मधेच हलक्या, मधेच जोरात. मी आल्याचं दोघांनाही कळलं नाही. गाणं संपलं, बोटं थांबली.

"पुन्हा लाव ना," मामा म्हणाले.