पातेल्याचं तळं

आमच्या धाकट्या भावजींसारखा हट्टी माणूस देवाने दुसरा केला नाही, आणि केलाच असेल तर त्याला जोगेश्वरीत खोली मिळाली नसणार. डॉक्टर म्हणाला विडी सोडा, तर यांनी डॉक्टर सोडला. चाळीच्या संडासाची कडी मालक बसवेना, तर रोज सकाळी डबा घेऊन मालकाच्याच दारात उभे. "तुमचा वापरतो, कडी बसेपर्यंत." कडी बसली.

मग गिरण्यांचा संप. आमचे हे आणि भावजी, दोघंही घरी. दुपारी पेज, रात्री पेजेचं पाणी. मी रडले नाही. रडून काय चूल पेटते? त्यातच भावजींच्या मुलीचं लग्न कसंबसं उरकलं. दुसऱ्या दिवशी बोरिवलीला व्याह्यांकडे सत्यनारायण. सोसायटीतलं घर, बुंदीच्या लाडवांचं भरलेलं पातेलं, आणि माणशी एक लाडू. आमची पोरं घरी उपाशी.

जावयाचा काका ऑफिसवाला, कोडी घालायची भारी हौस. "व्याहीबुवा, तीन देवळं, प्रत्येकासमोर तळं. तळ्यात फुलं बुडवली की दुप्पट होतात. तिन्ही देवांना सारखीच वाहायची आणि शेवटी हात रिकामे. तर घरून किती न्यायची? का गिरणीबरोबर डोकंही बंद?"

सगळे हसले. पोरगी पाटावर, मान खाली. ते हसू तिला त्या घरात जन्मभर ऐकावं लागलं असतं.

भावजी उठले. "आम्ही अडाणी. करून बघितल्याशिवाय कळत नाही. फुलं नाहीत तर लाडू घेऊ. तुमचं पातेलं हे तळं, आमच्याकडच्या या तीन बायका देव."

"चालेल की!" काका खूश.

मी, जाऊ, नणंद पदर पसरून बसलो. मागताना पदर पसरायची लाज वाटते. देवाला कसली लाज? भावजींनी पाच लाडू घेतले, पातेल्यात बुडवून आणखी पाच काढले, त्याचे दहा केले. सहा मला. उरले चार, त्याचे आठ, सहा जावेला. उरले दोन, त्याचे चार. नणंदेला दोन कमी पडले.

"चुकलं!" काका लाडू परत घ्यायला वाकला.

"हात लावू नका! देवाला वाहिलेलं परत घेतात होय?"

भटजीसुद्धा म्हणाले, "तसं नाही घेत हो."

मग सहा घेऊन चुकले. मग आठ घेऊन चुकले. त्यात एक उरला, तो स्वतःच खाल्ला. पातेल्याचा तळ दिसू लागला तसा काका ओरडला, "अहो, सात घ्या! प्रत्येकीला आठ-आठ द्या!"

"सांगू नका हो, सोडवतोय ना मी!" असं म्हणत भावजींनी सात घेतले, आठ-आठ वाहिले आणि रिकामे हात झाडून दाखवले. आता सगळे काकाला हसत होते. पोरगीने मान वर केली.

त्या रात्री अख्ख्या चाळीतली पोरं लाडू खाऊन झोपली. मी विचारलं, "भावजी, उत्तर आधीच ठाऊक होतं ना?"

"वहिनी, देवाने हिशेब विचारायचा नसतो."

गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. तेही परत गिरणीची पायरी चढले नाहीत, आणि मग एक दिवस कायमचेच गेले. पुतणीकडे अजून सत्यनारायण होतो. ती माझ्या पदरात लाडू घालते, मोजते, मान हलवते. "चुकलं गं काकू," म्हणते, आणि परत पातेल्यात हात घालते.