विट्याजवळची विझलेली भट्टी

जुन्या काळी युरोपातल्या खाणींच्या गावांत धातू पारखणाऱ्याची एक खोली असायची. भट्टी, तराजू आणि हाडांच्या राखेची वाटी. खाणीतला दगड शिशाबरोबर वितळवायचा, शिसं वाटी शोषून घ्यायची आणि मागं उरलेल्या चांदीवरून दगडात ती किती, ते तिथं ठरायचं. एका व्याख्यानात हे ऐकलं आणि मला सुनंदा आठवली. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, विट्याजवळच्या गलाई करणाऱ्या घरात दिलेली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा हा धंदा त्यांनी तमिळनाडूत केला. आता नवराबायको गावी परतलेत, तिथलं दुकान मुलगा बघतो. मी रसायनशास्त्र शिकवते, पण अशी भट्टी कधी पेटलेली पाहिली नव्हती.

रविवारी सकाळी साताऱ्याहून गाडी काढली. रहिमतपूरला चहा घेतला. पुढं पुसेसावळीवरून रस्ता बरा आहे, मधला थोडा पट्टा खडबडीत. ऊस मागं पडतो आणि माळ सुरू होतो. एसटीनं येणाऱ्यांनी विट्याला उतरावं. राहायची सोयही तिथंच.

सुनंदानं हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी वाढली. जेवण होताच तिचे यजमान तानाजीराव परसात गेले आणि जुन्या भट्टीत कोळसा भरू लागले.

"ताई, शिसं सगळं वाटीत मुरतं, आन् मग चांदी एकदम चमकती. बघाच तुमी."

तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. भिंतीला हात टेकून ते उभे राहिले.

"आवं, पेटवायची न्हाई," सुनंदा म्हणाली. "डॉक्टर काय म्हणालं हुतं?"

"पावण्या लांबनं आल्यात. एकदाच गं."

काडेपेटी त्यांच्या हातात होती. दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मला पाहायचं होतं, फार पाहायचं होतं.

"राहू द्या," मी म्हणाले.

ते काडेपेटी खिशात टाकून घरात गेले. सुनंदानं मुलाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "ह्यास्नी तेजाबाच्या धुरानं खाल्लं. त्यो बी तसाच धुरात बसतोय. तू सांग, माजं ऐकत न्हाई."

ॲसिडचा धूर बाहेर जावा म्हणून धुराडं आणि पंखा कुठं, कसा बसवायचा ते मी त्याला सांगितलं. "बघतो, मॅडम," एवढंच तो म्हणाला.

अंधार पडायच्या आत साताऱ्यात पोचले. ज्यासाठी गेले ते पाहिलं नाही, आणि त्याची चुटपुट अजून आहे.

काल सुनंदाचा फोन आला. मुलानं पंखा बसवल्याचा फोटो पाठवलाय.

"मग झालं की!"

"फोटूवर माजा इस्वास न्हाई," ती म्हणाली. "उद्याच्या गाडीनं तिकडं दुकानात निघाली मी. भट्टी पेटवायला लावती, आन् तितंच बसून श्वास घिऊन बघती."