हवेसाठी ठेवलेली फट

आम्ही दिघीत राहतो. एका बाजूला लष्कराची हद्द, डोक्यावरून विमानतळाकडे जाणारी विमानं. तिथं खेळण्यातलं विमानही उडवायची सोय नाही. माझं विमान खेळण्यातलं नव्हतं, पण फोमचंच होतं. दीड मीटर पंख, मागे एक मोटर, नाकात छोटा कॅमेरा. कॅमेऱ्याचं चित्र लगेच खाली येतं आणि आपण डोळ्यांवर जाड गॉगल लावून, विमानात बसल्यासारखं बघत ते चालवायचं. ताथवड्याच्या आमच्या कॉलेजात एक टीम हे करते. मी दुसऱ्या वर्षाला होते आणि स्पर्धेसाठी पायलट म्हणून माझं नाव जवळजवळ ठरलं होतं. जवळजवळ अशासाठी की सरांची एक अट होती. त्यांच्यासमोर पाचशे मीटर उंची गाठायची, दहा मिनिटं वर राहायचं आणि विमान जिथून सोडलं तिथंच उतरवायचं.

पायलटची ती जागा मला फार हवी होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. वर्गात उत्तर येत असलं तरी इंग्रजीतून बोलावं लागेल म्हणून मी वहीत बघत बसायचे. गॉगल लावला की मात्र माझ्याकडे कोण बघतंय हे मला दिसायचं नाही. तेवढा वेळ मी बरी असायचे.

विमानाची बॉडी पप्पांनी केली होती. हे मी टीममध्ये कुणाला सांगितलं नव्हतं.

पप्पा चाकणला एका कंपनीत पॅकिंगला आहेत. गाड्यांचे सुटे भाग ज्या खोक्यांतून बाहेर जातात, त्या खोक्यांत बसणारे फोमचे साचे ते कापतात. परभणीहून इकडे आले तेव्हा नववी नापास होते. मी एकदा घरी ब्लेडने पंख कापत बसले होते आणि कडेचा चुरा होत होता. ते दारातून बघत उभे राहिले.

"काय करायलीस गं? फाडायलीस का कापायलीस?"

"कापतेय."

"सरक उलशिक."

मग त्यांनी एक तार ताणून बांधली, ती बॅटरीवर तापवली आणि फोममधून अशी ओढली की कड काचेसारखी निघाली. मी मोबाइलवर एक फोटो दाखवला होता, तेवढ्यावर त्यांनी दोन गुरुवारच्या सुट्ट्यांत सगळी बॉडी केली. कॉलेजात आमच्या कॅप्टनने पंखावरून हात फिरवला. तो शेवटच्या वर्षाचा, मूळचा ताथवड्याचाच. "आमच्या आज्याच्या वावरात कॉलेज झालं, म्हणून मला ॲडमिशन द्यावीच लागली यांना," असं तो सगळ्यांना सांगायचा. तो म्हणाला, "एक नंबर काम हाय राव. कुठं शिकलीस?"

मी म्हटलं, "घरी."

हे खोटं नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

चाचणी गुरुवारी होती. चाकणच्या पुढे एका उजाड माळावर, सरांनी त्या दिवसापुरती परवानगी काढली होती. पप्पांना सुट्टी होती. पंख मांडीवर आडवे धरून मी त्यांच्या गाडीवर मागे बसले आणि आम्ही गेलो. ते सोडून परत जातील असं मला वाटलं होतं. त्यांनी गाडी स्टँडवर लावली, हात मागे बांधले आणि बाजूला उभे राहिले.

"माझे पप्पा. सोडायला आलेत," मी म्हटलं. सर त्यांच्याशी बोलायला लागतील आणि बॉडीचा विषय निघेल, याची मला धास्ती होती. त्यामुळे मी घाई केली. उडवायच्या आधी एक यादी वाचायची असते. प्रत्येक ओळीवर हात लावून, बघून खूण करायची. मी सगळ्या खुणा उभ्या उभ्या करून टाकल्या.

कॅप्टनने विमान हातातून सोडलं. ते सरळ वर गेलं.

उंचीवर गेल्यावर काय दिसतं हे सांगणं मला अवघड जातं. आधी माळ दिसतो, मग शेतं, मग कारखान्यांच्या निळ्या पत्र्यांची रांगच रांग. हायवेवरचे कंटेनर जागच्या जागी उभे आहेत असं वाटतं. आवाज काहीच नाही. पप्पांच्या कंपनीचं छत मी ओळखलं. त्यावर पाण्याच्या दोन टाक्या आहेत. "पप्पा, तुमची कंपनी," असं म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही. उंची चारशे ऐंशी. पाचशे. पाचशे दहा.

मग चित्रात पांढरे पट्टे आले आणि सगळं काळं झालं.

"सर, चित्र गेलं."

"गॉगल काढ. मोटर बंद. सपाट ठेव," सर शांतपणे म्हणाले.

विमान अजून माझं ऐकत असणार हे मला माहीत होतं. गेलं होतं ते फक्त चित्र. मी मोटर बंद केली, किंचित डावं वळण दिलं आणि तसंच धरून ठेवलं. आता ते घिरट्या घेत आपणहून खाली यायला हवं. आकाशात बघितलं तर सगळं पांढरं, आणि आमचं विमानही पांढरं.

"दिसतंय का?" मी कॅप्टनला विचारलं. नुसत्या डोळ्यांनी विमानावर नजर ठेवायचं काम त्याचं होतं.

"मघाशी होतं. आता न्हाई दिसत." मग हळूच, "पायलटबाई, हात हलवू नका फक्त."

तीन-चार मिनिटं गेली असतील. मग कॅप्टन ओरडला, "ते काय! टॉवरच्या डाव्या अंगाला!" पंख वळताना एकदा चमकला आणि मलाही दिसलं. विमान कांद्याच्या एका वावरात उतरलं, आमच्यापासून बरंच लांब. नाक थोडं चेपलं, बाकी काही नाही.

आम्ही तिथं पोचल्यावर सरांनी झाकण उघडलं आणि बोट पटकन मागे घेतलं. चित्र खाली पाठवणारा डबीएवढा भाग चटका बसेल इतका तापला होता. त्याला वारा लागावा म्हणून, तो बसवताना आम्ही नाकाखाली बोटभर फट ठेवली होती. त्या फटीवर पारदर्शक टेप होती. चारी कोपरे गोल कापलेली, एकही सुरकुती नसलेली टेप.

"ही कोणी लावली?" सरांनी विचारलं.

मी ओळखलं. आदल्या दिवशी विमान घरीच होतं. पप्पांचं नाव घेतलं तर दोष त्यांच्यावर जाणार, आणि बॉडी त्यांनी केली हेही तिथंच उघडं पडणार. मी लावली म्हटलं तर विषय संपणार होता. मी तेच म्हणायला तोंड उघडलं.

"मी लावली साहेब," पप्पा मागून म्हणाले. ते वावरातून चालत आले होते, पँटला माती लागलेली. "फट दिसली की बंद करायची, असं हाय आमच्याकडं. धूळ गेली की माल वापस येतो. बॉडी पण मीच केली. आमच्याकडं ज्यानं पॅकिंग केलं त्याचा नंबर खोक्यावर असतो. याच्यावर टाकायचा राहिला."

कॅप्टन माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "सर, यादीत फट मोकळी आहे का ते बघायचं होतं. मी न बघता खूण केली. आणि बॉडी माझी नाही हे मी आधीच सांगायला हवं होतं."

सर काही बोलायच्या आत पप्पांनी विचारलं, "याचं ड्रॉइंग कुठाय साहेब? आम्हाला खोक्याचं ड्रॉइंग देतात. त्याच्यावर भोक असलं तर आम्ही भोक सोडतो. हिनं मला फोटो दाखवला. फोटोत खालची बाजू दिसत नाही."

ड्रॉइंग नव्हतं. टीममध्ये कुणीच काढलं नव्हतं. कॅप्टनने डोकं खाजवलं. "व्हय सर, बरोबर हाय त्यांचं."

सरांनी टेप सोलून काढली. "पुढच्या गुरुवारची परवानगी काढतो, पुन्हा उडव," ते मला म्हणाले. "ड्रॉइंगशिवाय येऊ नकोस. आणि त्यावर नावं खरी घाल. तेव्हा ठरवू."

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा पप्पांच्या शेजारी बसून कॉलेजचं काम केलं. आलेखाच्या कागदावर मी रेघा काढायचे आणि ते बोट ठेवून विचारायचे, "ही कशाची?" मी एके ठिकाणी 'अंदाजे' लिहिलं होतं. "हे खोड. अंदाजे माल जात नसतो," ते म्हणाले. खाली कोपऱ्यात मी 'बॉडी' लिहून त्यांचं नाव घातलं. त्यांनी पेन घेतला आणि त्याच्यापुढे आपला कंपनीतला टोकन नंबर लिहिला.

पुढच्या गुरुवारी त्यांना ओव्हरटाइम होता, म्हणून मी बसने गेले. यादीतल्या प्रत्येक ओळीला हात लावला. वारा होता, पाचशे गाठायला वेळ लागला, पण दहा मिनिटं चित्र गेलं नाही आणि विमान सोडलं तिथंच उतरलं. सरांनी वहीत पायलटच्या जागी माझं नाव लिहिलं.

संध्याकाळी पप्पा आले. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "गरम झालं का?"

"नाही. कोमट पण नाही."

"बरं," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.